जाळरेषा कोणाची?

मायबहिणींनो, मोह पडायला लागला की आपण तांबडं फुटायच्या आत टोपली घेऊन निघतो. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा साफ करायची, ही जुनी चाल. पण ती काडी कधीकधी झाडापाशी थांबत नाही. आपल्या मुलचेरा तालुक्यात रान दाराशीच आहे आणि चपराळ्याचं अभयारण्यही जवळ आहे. वणवा तिकडे गेला तर तितराची, मोराची अंडी जमिनीवरच असतात, ती कुठे पळणार?

वणवा अडवायला जाळरेषा असते. उन्हाळ्याआधी रानात एक पट्टा गवत कापून, पाला झाडून मोकळा ठेवायचा. आग तिथवर येऊन थांबते. एरवी तीच पायवाट. समोर अस्वल असेल तर अशा मोकळ्या वाटेवर लांबूनच दिसतं, आणि मोहाच्या दिवसांत याचं मोल काय, ते तुम्हांला सांगायला नको.

आपला मुलूख तेव्हा मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता. याच प्रांतात, सातपुड्यातल्या बोरीच्या रानात, १८६५ च्या सुमारास कॅप्टन पीअर्सन या इंग्रज अधिकाऱ्यानं रान आगीपासून राखायला सुरुवात केली. रान सरकारचं झालं, राबणारे हात मात्र गावकऱ्यांचेच. पुढे १९२७ च्या वन कायद्यात कलम ७९ आलं. रानात ज्याचा हक्क आहे त्यानं आग विझवायला गेलंच पाहिजे. कारण नसताना गेला नाही, तर महिनाभर कैद किंवा दोनशे रुपये दंड! त्या काळचे दोनशे रुपये, बरं का. अशा धाकानं रानाबद्दल माया कशी वाटावी?

आपल्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं हे उलटं फिरवलं. देवाजी तोफा आणि गावकरी ग्रामसभेत बसून, सगळ्यांच्या संमतीनं नियम करू लागले. रानाला आग लावायची नाही, अतिक्रमण करायचं नाही, राखण गावानं करायची. हे कुणाच्या हुकुमानं नव्हतं. वनहक्क कायदा २००६ साली आला तो त्यानंतर, आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला.

त्या कायद्याचं कलम ५ लक्षात ठेवा. रान, वन्यप्राणी, पाणी राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. त्यासाठी ग्रामसभा आपल्यातल्याच लोकांची समिती नेमते. तुमच्या गावच्या समितीत बाया किती, ते विचारा. मोहाला कुठल्या वाटेनं जातो, कुठली वाट झुडपांनी बुजली, कुठल्या झाडाखाली दरसाल आग लागते, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक?

मोहाखाली पेटवण्याऐवजी पाला खराट्यानं झाडून बाजूला करता येतो, नाहीतर जुनी लुगडी अंथरता येतात. फुलाला माती लागत नाही. तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणूनही आग लावतात, पण खुटकटाई केली की पानं तशीच फुटतात. जाळरेषेचं काम मात्र मोह पडायच्या आधीच उरकावं लागतं. म्हणून विषय त्याआधीच्या ग्रामसभेत निघायला हवा.