ट्रॅम, अलिबाग आणि उलटे ध्रुव



मागच्या महिन्यात माझा मुलगा स्काउटच्या मुलांबरोबर अमस्टेड पार्कात नकाशा आणि होकायंत्र घेऊन वाट शोधायला गेला होता. घरी आला तो प्रश्न घेऊनच. "बाबा, होकायंत्र उत्तर दाखवतं म्हणता, मग सरांनी ९ अंश वजा का करायला लावले?"

बरोबर होतं त्याचं. इथे कॅरीत चुंबकाची सुई खऱ्या उत्तरेच्या सुमारे ९ अंश पश्चिमेकडे झुकते. मी वाढलो अलिबागला. तिथे हा फरक जवळजवळ शून्य आहे, त्यामुळे शाळेत आम्हाला कुणी तो शिकवलाच नाही. त्याचा दुसरा प्रश्न जास्त अवघड निघाला. कुठल्याशा व्हिडिओत त्याने ऐकलं होतं की पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव लवकरच उलटणार आणि मग विमानं, इंटरनेट, सगळं बंद. "हे खरं आहे का?" मी हसून वेळ मारून नेली. पण रात्री लक्षात आलं की उत्तर मलाही माहीत नाही. आणि मी अलिबागचा! समुद्रावर जाताना ज्या चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणाजवळून लहानपणी शेकडो वेळा गेलो, तिथे नेमकं काय चालतं हे मी कधी विचारलंही नव्हतं. तर आजची गोष्ट तिथूनच.

गोष्ट सुरू होते मुंबईच्या कुलाब्याला. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली तिथे वेधशाळा उभारली आणि १८४१ पासून एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. त्यांच्या हाताखाली एक मराठी मुलगा होता, केरो लक्ष्मण छत्रे. जन्म १८२५ चा, गाव अलिबागजवळचं नागाव. हेच पुढे टिळक-आगरकरांना गणित शिकवणारे केरूनाना छत्रे. दिवसरात्र ठरावीक वेळी सुईची जागा पाहायची आणि वहीत लिहायची, असं ते काम. आजच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरचा लॉग ठेवणं. पण या लॉगचा नक्की काय उपयोग होणार, हे तेव्हा कुणालाच सांगता आलं नसतं.

उपयोग कसा होतो त्याचं एक उदाहरण देतो. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेल्या प्रचंड वादळाने कुलाब्याचं चुंबकीय क्षेत्र काही काळ सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेलं. कारकुनी इमानाने ते आकडे वहीत उतरवले गेले. शास्त्रज्ञांनी ते पुन्हा बाहेर काढून २००३ साली नव्याने मांडले, म्हणजे तब्बल १४४ वर्षांनी. आजही वीजवाहिन्यांना आणि उपग्रहांना सौरवादळाचा धोका किती, हे मोजताना त्या नोंदीचा आधार घेतला जातो.

मग मुंबईत विजेच्या ट्रॅमची योजना आली. घोड्यांच्या ट्रॅम १८७४ पासून होत्याच, पण विजेचा प्रवाह रुळांतून वाहू लागला की कुलाब्याच्या सुया बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागला. चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड आणून इमारती बांधल्या आणि लोखंड वर्ज्य केलं. १९०४ ला अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या. पण मूस यांनी कुलाबा लगेच बंद केलं नाही. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुन्या आकड्यांना नवे आकडे बिनचूक जोडता येतील. १९०७ च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्रॅम धावली, तेव्हा साखळी सांधून झाली होती.

इथे मला थोडं खाली मान घालून बोलावं लागेल. आमच्या धंद्यात यालाच पॅरलल रन म्हणतात. जुनी आणि नवी सिस्टिम काही काळ बरोबरीने चालवायची. काही वर्षांपूर्वी एका कामात, खर्च वाचतो म्हणून, हा काळ तीन महिन्यांवरून तीन आठवड्यांवर आणा अशी शिफारस मीच केली होती. एमबीएत शिकलेला तक्ता सुंदर दिसत होता. नंतर जुन्या आणि नव्या आकड्यांचा मेळ बसेना, आणि आधीच्या कित्येक वर्षांचा हिशोब कायमचा संशयास्पद झाला. मूस यांच्या दोन वर्षांबद्दल वाचताना मला ते आठवलं.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ज्या १९०६ साली कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं, त्याच साली फ्रान्समध्ये बर्नार ब्रून यांनी एक विचित्र गोष्ट प्रसिद्ध केली. लाव्हाचा एक थर आणि त्याने भाजून काढलेली त्याखालची माती, दोन्हींतलं चुंबकत्व आजच्या बरोबर उलट दिशेला होतं. लाव्हात लोहाच्या खनिजाचे बारीक कण असतात. दगड सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली थंड झाला की हे कण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा पकडून बसतात. म्हणजे प्रत्येक लाव्हा हा गोठलेला होकायंत्राचा काटाच. १९२९ साली जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी दाखवलं की उलटे दगड एका ठरावीक जुन्या काळातलेच आहेत. तरीही पुष्कळांना वाटत होतं की दोष दगडाचा असेल, पृथ्वी कशाला उलटी होईल?

लाव्हा म्हटल्यावर आपला सह्याद्री मागे कसा राहील? १९५० च्या दशकात लंडनहून क्लेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि लगेच मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत राधाकृष्णमूर्ती, सहस्रबुद्धे आणि डॉइच यांनी दख्खनच्या काळ्या कातळाचे नमुने तपासले. घाटातल्या खालच्या थरांत चुंबकत्व उलटं, वरच्या थरांत आजच्यासारखं सरळ. महाबळेश्वरच्या आसपासच्या उंच थरांत हा बदल सापडतो. त्याच दगडांतल्या चुंबकत्वाच्या तिरपेपणावरून हेही दिसलं की लाव्हा ओतला गेला तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. पुढे १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी आपल्याच हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरच्या सरळ-उलट्या पट्ट्यांचा अर्थ लावला. समुद्रतळ मधोमध फाटून दोन्हीकडे सरकतो आणि सरकताना ध्रुवांची नोंद करत जातो. त्यानंतर दोष दगडावर ढकलायला जागा उरली नाही. ध्रुव खरोखर उलटतात, आणि शेवटचे उलटले ते सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी.

का उलटतात? आपल्या पायांखाली सुमारे २९०० किलोमीटरवर वितळलेल्या लोखंडाचा समुद्र आहे. तो आतून उकळत असतो, वरून पृथ्वीच्या फिरण्याने पिळला जातो, आणि या हालचालीतून वीज आणि चुंबकत्व तयार होतं. एखादा डायनॅमो स्वतःच स्वतःला चालू ठेवतो तसं. गंमत अशी की या गणितात "उत्तर वर, दक्षिण खाली" असं कुठेही लिहिलेलं नाही. दोन्ही दिशा गणिताला सारख्याच मान्य. प्रवाह मात्र खळबळता. कधी त्यात उलट दिशेचे तुकडे वाढत जातात, मुख्य क्षेत्र दुबळं होतं, आणि पुन्हा सावरताना ते कधी जुन्याच दिशेला उभं राहतं, कधी विरुद्ध. बाहेरून कुणी धक्का द्यावा लागत नाही. ग्लाट्झमायर आणि रॉबर्ट्स यांनी १९९५ साली संगणकावर असं क्षेत्र चालवून पाहिलं, तर ते आपोआप उलटलं.

सूर्याचं तंत्र याच नात्यातलं, पण घाईचं. तो घट्ट गोळा नाही. त्याचं विषुववृत्त सुमारे २५ दिवसांत फिरतं आणि ध्रुवांकडचा भाग त्याहून बराच सावकाश. त्यामुळे चुंबकीय रेषा गुंडाळल्या जातात, डागांच्या रूपाने वर येतात, आणि डागांचे अवशेष ध्रुवांकडे सरकून जुनं चुंबकत्व पुसून नवं बसवतात. म्हणून सूर्य साधारण दर ११ वर्षांनी उलटतो. मला वाटतं, आमच्या मुलाला हेच सगळ्यात आवडलं, की तो जन्मल्यापासून सूर्य एकदा उलटला आणि शाळा एक दिवसही बंद पडली नाही.

पृथ्वीला मात्र या कामाला हजारो वर्षं लागतात. गेल्या दोनएकशे वर्षांत तिचं क्षेत्र सुमारे एक दशांशाने दुबळं झालं आहे, आणि उत्तर चुंबकीय ध्रुव कॅनडाकडून सायबेरियाकडे निघाला आहे, इतका भरभर की विमानं आणि फोन वापरतात तो चुंबकीय नकाशा २०१९ साली वेळेआधीच बदलावा लागला. पण असे चढउतार पूर्वीही झाले आणि ध्रुव जागेवर राहिले. शिवाय दख्खनच्या दगडांचं म्हणणं ऐका. उलट्या ध्रुवांचा तो काळ सुमारे ६ कोटी ६४ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि ६ कोटी ५७ लाखांच्या सुमारास संपला. डायनोसॉर संपले ते या काळाच्या मधे, म्हणजे ध्रुव उलटून लाखो वर्षं झाल्यावर. उलटण्याने ते मेले असं म्हणायला तारीखच जुळत नाही.

हे सगळं मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग ध्रुव उलटायला लागले तर आपल्याला कळणार कसं?"

कळेल ते वहीवरून, मी म्हटलं. एका माणसाच्या आयुष्यात त्यातलं काहीच दिसणार नाही. आज लिहिलेला आकडा ज्याच्या कामाचा आहे, तो माणूस अजून जन्मलेला नाही. तरी अलिबागला आजही रोज नोंद होते, १८४१ पासूनची साखळी न तोडता.

मंडळी, पुढच्या खेपेला देशात जाल आणि अलिबागच्या समुद्रावर भेळ खायला थांबाल, तर वाटेत त्या कुंपणापाशी क्षणभर थांबा. आम्ही या डिसेंबरात जाणार आहोत. होकायंत्र मुलाच्या खिशात असेल. तिथे त्याला काही वजा करावं लागणार नाही.