स्टॉपवॉच आणि धोटा

व्यवस्थापनशास्त्रात फ्रेडरिक टेलरचा गौरव होतो. ऑगस्ट १९११ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रकारखान्यात ओतकाम करणारे कामगार काम टाकून बाहेर पडले, ते मात्र ओझरते सांगतात. घड्याळ घेऊन पाठीशी उभा राहणारा माणूस त्यांना मान्य नव्हता. पुढे तिथल्या संसदेने सरकारी कारखान्यांतल्या स्टॉपवॉचसाठी पैसे देणेच बंद केले.

मुंबईच्या गिरण्यांत अशीच 'कार्यक्षमता' आली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत! १९२८ साली गिरण्या सहा महिने बंद राहिल्या. लढा न्याय्यच होता. पण जास्त मजुरीच्या साळखात्यात अस्पृश्याला प्रवेशच नव्हता. का? धाग्याचे टोक धोट्यातून तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याची उष्टी लाळ सवर्ण विणकराला चालत नव्हती. अख्खे खाते जातीसाठी राखून ठेवायचे, मग ही कसली कार्यक्षमता? बाबासाहेबांनी संपवाल्या पुढाऱ्यांना बजावले, ही मागणी घ्या, नाहीतर आमचा पाठिंबा नाही. नाखुशीने ती घेतली गेली. मालक म्हणाले, हा अन्याय असेल तर तो आमचा नव्हे. (त्यात तथ्य होतेच.)

तरीही ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, बाबासाहेब त्याच कम्युनिस्ट पुढाऱ्यांसोबत संपात उतरले.