गृहविज्ञानाच्या आचार्या : डॉ. फ्लेमी किट्रेल

मुलीने कॉलेजात गृहविज्ञान हा विषय घेतला, असे कळले की आपल्या घरांतून दोन प्रकारचे उद्गार निघतात. काही पालकांना हायसे वाटते, कारण मुलगी शिकली तरी चुलीपासून दूर गेली नाही. काहींचा हिरमोड होतो. भाकरी थापायला आणि बटणे लावायला पदवी कशाला हवी, असा त्यांचा सवाल असतो. वास्तविक ही दोन्ही मते एकाच समजुतीतून आलेली आहेत. घर चालविणे ही सवयीने येणारी गोष्ट आहे, त्यात शिकण्यासारखे व शोधण्यासारखे काही नाही, ही ती समजूत. अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने ह्या समजुतीविरुद्ध सुमारे पंचेचाळीस वर्षे काम केले. त्या कामाचा एक टप्पा आपल्या बडोद्यात घडला, म्हणून त्यांचा परिचय वाचकांना, विशेषतः आमच्या विद्यार्थिनींना, करून द्यावासा वाटतो.

फ्लेमी पॅन्सी किट्रेल यांचा जन्म 25 डिसेंबर 1904 रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हेंडरसन या गावी झाला. नऊ भावंडांत त्या आठव्या. घराण्यात आफ्रिकी आणि चेरोकी ह्या दोन्ही वंशांचे रक्त होते. घरात श्रीमंती नव्हती, परंतु वाचनाला मान होता. वडील मुलांना गोष्टी व कविता वाचून दाखवीत. गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, अशा त्या काळात फ्लेमी व्हर्जिनियातील हॅम्प्टन संस्थेत शिकल्या. यादवी युद्धानंतर, 1868 साली, गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी निघालेली ही संस्था. तेथून 1928 मध्ये त्या पदवीधर झाल्या.

इथे थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. कृष्णवर्णीय समाजात गृहविज्ञानाविषयी जो संशय होता, तो आपल्याकडच्या संशयापेक्षा कडवट होता. त्यांच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक, धुणी आणि मुले सांभाळण्याचे काम करीत आल्या होत्या. तेव्हा मुलीला शाळेत पुन्हा तेच शिकविणे म्हणजे चांगली मोलकरीण तयार करणे, असे तेथील विचारी माणसांना वाटे, आणि ते अगदीच चुकीचे नव्हते. किट्रेलबाईंनी ह्या शंकेला उत्तर दिले ते संशोधनाच्या मार्गाने. घरकाम नाकारणे किंवा त्याचे गोडवे गाणे, ह्या दोन्ही वाटा त्यांनी सोडल्या. स्वतःच्या समाजातील घर हाच त्यांनी अभ्यासाचा विषय केला.

ग्रीन्सबरो येथील बेनेट महाविद्यालयात त्या शिकवू लागल्या आणि मधल्या काळात कॉर्नेल विद्यापीठात जाऊन 1930 मध्ये पदव्युत्तर पदवीधर आणि 1936 मध्ये पीएच्. डी. झाल्या. पोषणशास्त्रात डॉक्टरेट मिळविणारी ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री. प्रबंधाचा विषय पाहा : नॉर्थ कॅरोलायनातील एका वस्तीतील कृष्णवर्णीय तान्ह्या मुलांना काय, कसे खाऊ घातले जाते. विषय ऐकायला साधा. पण मूल दगावले की आईला दोष देणे किंवा नशिबावर ढकलणे ही जगभरची रीत आहे. आईच्या हाताशी काय असते, अंगावरचे दूध केव्हा तुटते, वरचे अन्न कधी व कसले सुरू होते, हे घरोघर विचारून नोंदवायचे म्हटले म्हणजे त्या आईला प्रथम माणूस समजावे लागते.

1940 मध्ये त्या हॅम्प्टनला परतल्या आणि 1944 मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गृहविज्ञान विभागाच्या प्रमुख झाल्या. पुढे निवृत्त होईपर्यंत हॉवर्ड हेच त्यांचे ठिकाण राहिले.

1947 मध्ये अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या वतीने त्यांनी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात आहाराची पाहणी केली. त्यांच्या संशोधनातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. तेथे माणसे उपाशी नव्हती. पोट भरत होते, पण भरत होते ते भात आणि कसावा ह्यांनी. कसावा म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा तयार करतात तो. त्यात पिष्ट भरपूर, प्रथिने मात्र नगण्य. तांदूळ जास्त सडला की कोंड्याबरोबर 'ब' जीवनसत्त्वही निघून जाते. अशा आहाराने भूक भागते, पण शरीर आतून उपाशी राहते. ह्याला त्यांनी 'छुपी भूक' म्हटले. उपाय सुचविताना त्या केवळ स्वयंपाकघरात अडकल्या नाहीत. शेतीत काय पिकवावे, मासेमारी कशी वाढवावी, इथपर्यंत त्यांच्या शिफारशी गेल्या. (कोकणातील आपल्या वडीलधाऱ्या स्त्रिया हातसडीच्या तांदळाचा आग्रह धरीत, त्यांना जीवनसत्त्वाचे नाव ठाऊक नव्हते, इतकेच.)

आता बडोदे. गायकवाडांच्या ह्या राज्यात 1906 सालीच सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सर्वत्र लागू झाले होते, आणि त्यात मुलीही आल्या. 1949 मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन होत असतानाच तेथे महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. कुलगुरू झाल्या श्रीमती हंसा मेहता. ह्याच त्या विदुषी, ज्यांच्या आग्रहामुळे मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ह्या अर्थाच्या शब्दांऐवजी 'सर्व मानव' असे शब्द आले. त्यांच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहावी, हे स्वाभाविकच होते. दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज 1932 पासून चालू होते, पण विद्यापीठाच्या अंगणात विज्ञान व कला यांच्या बरोबरीने गृहविज्ञानाला जागा देणे ही वेगळी बाब.

1950 मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात फुलब्राइट करार झाला आणि त्याच वर्षी डॉ. किट्रेल बडोद्यास आल्या. विद्याशाखेची घडी बसविणे आणि पोषणविषयक संशोधनाला वळण लावणे, हे त्यांचे काम. आहारशास्त्र, बालविकास, गृहव्यवस्थापन, वस्त्रशास्त्र आणि विस्तारकार्य हे सारे एका छताखाली आले की 'शिवण-टिपण' म्हणून हिणविलेल्या विषयाला रसायन, जीवशास्त्र, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा आधार मिळतो, ही त्यामागील दृष्टी. 1953 मध्ये त्या पुन्हा भारतात आल्या व चर्चासत्रे घेतली. त्यानंतर जपान, आफ्रिकेतील अनेक देश आणि नवस्वतंत्र काँगो येथेही त्यांनी असेच काम केले.

ह्या प्रवासांची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. शीतयुद्धाचे दिवस होते. आशिया-आफ्रिकेतील लोक अमेरिकेला विचारीत, तुमच्याकडे काळ्या माणसाला काय स्थान आहे? अशा वेळी एक विद्वान कृष्णवर्णीय प्राध्यापिका पाठविणे सरकारला सोयीचे होते. पण ज्या साली त्या बडोद्यात मुलांच्या ताटात काय असावे हे शिकवीत होत्या, त्या साली खुद्द वॉशिंग्टनमध्ये, त्यांच्या विद्यापीठाच्या शहरात, बहुतेक उपाहारगृहांत त्यांना कोणी ताट दिले नसते. तसा भेदभाव करण्यास मनाई करणारे 1872 व 1873 चे कायदे होते, परंतु ते विस्मरणात गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते जिवंत असल्याचा निर्णय दिला तो जून 1953 मध्ये! आणि ग्रीन्सबरो, जेथे त्यांनी तरुणपणी शिकविले, तेथे 1 फेब्रुवारी 1960 रोजी चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वूलवर्थच्या दुकानातील गोऱ्यांच्या खाण्याच्या टेबलाशी जाऊन बसले आणि देशभर सत्याग्रहाची लाट उठली. त्या लढ्यात बेनेटच्या मुली आघाडीवर होत्या. त्यांना सरकारी पाहुण्या म्हणून कोणी कोठे पाठविले नव्हते.

सरकारने आपला उपयोग करून घेतला, असे म्हणून किट्रेलबाईंना बाजूला सारता येईल का? मला तसे वाटत नाही. लायबेरियातील छुपी भूक खरी होती आणि बडोद्यातील वर्गही खरे होते.

हॉवर्डमध्ये त्यांनी शेवटच्या काळात केलेले एक काम पालकांनी जरूर लक्षात घ्यावे. गृहविज्ञानासाठी नवी इमारत मिळावी म्हणून त्या बरीच वर्षे झगडल्या आणि 1963 मध्ये ती मिळाली. त्यानंतर गरीब वस्तीतील तीन वर्षांच्या मुलांसाठी तेथे दोन वर्षांचा बालवाडीचा प्रयोग झाला. मुलाला शाळेत सोडून आईबापांनी निघून जायचे, असा तो प्रकार नव्हता. मूल शिकते ते घरासकट, म्हणून आईवडिलांनाही त्यात सामील करून घेतले. 1965 मध्ये अमेरिकन सरकारने 'हेड स्टार्ट' ही गरीब बालकांसाठीची देशव्यापी योजना सुरू केली, तीतही पालकांच्या सहभागावर भर होता.

1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्या निवृत्त झाल्या आणि ऑक्टोबर 1980 मध्ये वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीतच अमेरिकन गृहविज्ञान संघटनेने त्यांच्या नावे शिष्यवृत्ती ठेवली होती. बडोद्याची विद्याशाखा आजही चालू आहे. तिचे नाव आता 'कुटुंब व समाज विज्ञान विद्याशाखा' असे आहे.