एका रात्रीत मेलेले मासे आणि दोन हजार वर्षांचा तपास

ज्यांना एसटीत बसून नीट ऐकू येत नाही, किंवा ज्यांचा दिवसाचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतोय.

आजचा प्रश्न साधा आहे. घरात खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे. रात्री झोपताना मासे ठणठणीत होते. सकाळी बघतो तर सगळे मेलेले. का? तुम्ही म्हणाल, हे ॲक्वेरियमवाल्याला विचारायचं, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये कशाला? तर याचं उत्तर माणसाने तुकड्या-तुकड्यांनी शोधलंय आणि त्याला दोन हजार वर्षं लागली. यातला जवळपास प्रत्येक तुकडा कुणाचे तरी जीव मेल्यावरच हाती आलाय. तो इतिहास माहीत असला की आपल्या टँकमध्ये काय बिघडलं ते क्रमाने शोधता येतं.

मी भोकरदनचा. आमच्यापासून समुद्र जवळपास चारशे किलोमीटर. तरी माझ्या एका मित्राने घरी खारा टँक केला. मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे त्याचं. दोन वर्षं पैसे साठवून त्याने २०० लिटरचा टँक घेतला. त्यात दोन क्लाउनफिश, म्हणजे २००३ च्या सिनेमातला निमो असतो ना, ते. शिवाय एक मोठा सर्जन फिश, दोन-तीन डॅमसेल आणि एक झिंगा. मे महिन्यातल्या एका सकाळी त्याचा फोन आला. सर्जन फिश तळाला पडलेला, तोंड उघडं. डॅमसेल गेलेले. एक क्लाउनफिश गेलेला, दुसरा वर येऊन धापा टाकतोय. आजी म्हणाली नजर लागली. मित्र म्हणाला मीठ नकली होतं. आणि सगळं पाणी ओतून, टँक घासून धुऊन विकून टाकायचं त्याने ठरवलं होतं. मी म्हटलं, "थांब भाऊ, धुऊ नको. आधी कारण शोधू."

भोगवर्धनची बाई आणि नेपल्सची तळी

सुरुवात आपल्याच गावातून करू. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. १९७३ साली केळणेच्या काठी नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून उत्खनन केलं. त्यात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिची जुळी शोभावी अशी मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडली होती, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात. म्हणून काही अभ्यासकांना वाटतं की ती मूर्ती आपल्याच भागातून गेली असावी. त्या काळी पैठण आणि तेरचा माल गाड्यांनी भडोचला जायचा, तिथून जहाजाने पश्चिमेकडे.

आता त्या पॉम्पेईच्या आसपास काय चाललं होतं बघा. नेपल्सच्या आखाताच्या काठी श्रीमंत रोमन लोक समुद्राचे मासे तळ्यांत पाळायचे. व्हॅरो नावाच्या लेखकाने इ.स.पू. ३७ च्या सुमारास शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात दोन ल्युकुलस भावांची गोष्ट आहे. मार्कसच्या तळ्यांत भरतीचं पाणी आत-बाहेर व्हायची सोय नव्हती, मासे साचलेल्या रोगट पाण्यात राहायचे, म्हणून लोक त्याला नावं ठेवायचे. दुसऱ्याने, ल्युसियसने, नेपल्सजवळ चक्क डोंगर फोडून समुद्राचं पाणी तळ्यांत आणलं.

तपासातला पहिला धागा हाच: पाणी हललं पाहिजे. ऑक्सिजन हा शब्दही तेव्हा नव्हता, पण साचलेलं पाणी मासा मारतं एवढं त्यांना कळलं होतं. आज आपल्याला आकडा माहीत आहे. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी मावतो. पाणी तापलं की आणखी कमी. आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

खिडकीजवळची ती मोलकरीण

पुढची गोष्ट लंडनची. डोंगर फोडायची ऐपत नसलेल्या माणसाने घरात समुद्र कसा ठेवायचा? १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्की या किनाऱ्यावरच्या गावातून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र लांब. रोज ताजं पाणी कुठून आणणार? त्यांनी उपाय काढला. उघड्या खिडकीसमोर उभं राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचं, रोज अर्धा-पाऊण तास. हे काम बाईसाहेब नाही, घरातली मोलकरीण करायची. पुढे त्यांनी समुद्री वनस्पतीही टाकल्या आणि ते प्रवाळ सुमारे तीन वर्षं जगवले. इतिहासात बाईंचं नाव राहिलं. पण जगातला पहिला घरगुती एअर पंप म्हणजे त्या मोलकरणीचे हात होते, असं मला वाटतं.

मग १८५० च्या सुमारास रॉबर्ट वॉरिंग्टनने वनस्पती आणि मासे यांचा समतोल प्रयोगांनी दाखवला. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस या निसर्ग अभ्यासकाने पुस्तक लिहिलं आणि घरोघरी टँक आले. त्याच वर्षी गॉसने मिठाचं साधं पाणीही बनवून दाखवलं: खायचं मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड. आज दुकानात मिळणारी समुद्री मिठाची पिशवी ही त्याचीच पुढची पिढी. त्यामुळे समुद्रापासून कितीही लांब टँक शक्य झाला.

इथे दुसरा धागा: मिठाचं प्रमाण. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, हायड्रोमीटरवर १.०२५ च्या आसपास. उन्हाळ्यात पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना गोडं, आरओचं पाणी भरायचं, मिठाचं नाही. रोज थोडं-थोडं. आठवड्याने एकदम बादली ओतली तर मासा हबकतो.

न दिसणारे कामगार

आता मुख्य आरोपी. टँक नवा आहे, पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, तरी आठ-दहा दिवसांत मासे मरतात. व्हिक्टोरियन लोकांनाही हे कळत नव्हतं.

उत्तर आलं सांडपाण्यातून! १८७७ मध्ये फ्रान्समध्ये श्लोएसिंग आणि म्यूंत्झ यांनी वाळू भरलेल्या नळीतून गटाराचं पाणी सोडलं. सुमारे २० दिवस काहीच झालं नाही. मग अचानक पाण्यातला अमोनिया नायट्रेट बनून बाहेर पडायला लागला. त्यांनी क्लोरोफॉर्म सोडला, काम थांबलं. म्हणजे नळीत कोणीतरी जिवंत होतं. १८९० च्या सुमारास सर्गेई विनोग्राड्स्की यांनी ते जिवाणू वेगळे करून दाखवले.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया निघतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात टँक माशांनी भरला, तर अमोनिया उचलायला कोणी नसतं. खाऱ्या टँकमध्ये ही चूक जास्त महाग पडते, कारण समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो आणि तिथे अमोनियाचा विषारी भाग ७ पीएचपेक्षा दहा पटींहून जास्त असतो.

१९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत जगासमोर मांडली. समुद्रातला सच्छिद्र जिवंत खडक टँकमध्ये ठेवायचा, जिवाणू त्यातच राहतात. आपल्याकडे मात्र प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्यामुळे कुणी 'ओरिजनल लाइव्ह रॉक' म्हणून प्रवाळ विकत असेल तर हात लावू नका. सिरॅमिकचे तुकडे हेच काम करतात, फक्त वेळ घेतात.

तांब्याचा हंडा आणि कछुआ छाप सकाळ

तिसऱ्या प्रकारचे आरोपी बाहेरून येतात. १९५५ मध्ये अमेरिकेत डेम्पस्टर यांनी माशांच्या अंगावर धुळीसारखा दिसणारा परजीवी मारायला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट कसं वापरायचं ते लिहिलं. मासे वाचले. पण तांबं झिंगे आणि प्रवाळांना मारतं, अगदी थोडं असलं तरी. आपल्याकडे ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण टँकचं पाणी घरातल्या तांब्याच्या हंड्यात साठवणारी माणसं मी बघितलीत. पिण्यासाठी हंडा उत्तम, टँकसाठी प्लॅस्टिकची बादली.

दुसरं म्हणजे हवा. एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. मच्छरांची कॉइल, लिक्विड, झुरळांचा स्प्रे यांत पायरेथ्रॉइड गटाची औषधं असतात. ती माणसाला फारसं काही करत नाहीत, माशांना आणि झिंग्यांना मारतात. आमच्या तालुक्यात कपाशी आणि मिरची. फवारणी करून आलेल्या माणसाने तसाच हात टँकमध्ये घातला, तर वेगळं कारण शोधायची गरज नाही.

तर मित्राच्या टँकमध्ये काय झालं?

आम्ही क्रमाने गेलो. झिंगा जिवंत होता. म्हणजे तांबं नाही, कीटकनाशक नाही, कारण त्यात तो आधी गेला असता. माशांच्या अंगावर पांढरी धूळ नव्हती. मीठ मोजलं, १.०२६. नकली मिठाचा आरोप बाद. टँक आठ महिने जुना, म्हणजे जिवाणूंची वस्ती होती. अमोनिया थोडा वाढलेला, पण मेलेले मासेच अमोनिया सोडतात, त्यामुळे त्यावर एकट्यावर भरवसा नाही. सर्वात मोठा मासा आधी गेला आणि उरलेला वर येऊन श्वास घेत होता. ही खूण ऑक्सिजन संपल्याची.

पण पंप तर चालू होता! मग त्याच्या मोबाइलने सांगितलं. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन सकाळी ५२ टक्केच होता. घरातले सगळे गच्चीवर झोपले होते. खाली रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली, कुणाला पत्ताच नाही. बंद खोली, तापलेलं पाणी, पंप बंद. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मार्कसचं तळं त्या रात्री भोकरदनमध्ये तयार झालं होतं.

आम्ही मेलेले मासे काढले, मगने पाणी उंचावरून ओतत राहिलो आणि तेवढ्याच खारट, तेवढ्याच तापमानाच्या पाण्याने ५० लिटर बदललं. खडक आणि फिल्टर धुतला नाही. तो उरलेला क्लाउनफिश जगला. टँक घासून धुतला असता तर जिवाणूही गेले असते आणि तोही गेला असता. मित्राने टँक विकला नाही. आता त्याच्याकडे बॅटरीवर चालणारा एअर पंप आहे, चारशे-पाचशे रुपयांचं काम.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

सगळे मासे वर येऊन धापा टाकतायत: आधी पाणी हलवा, मग अमोनिया तपासा. आधी मोठे मासे गेले: ऑक्सिजन. आधी झिंगे गेले: तांबं किंवा कीटकनाशक. टँक दीड महिन्याच्या आतला: अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. अंगावर धूळ: परजीवी, मासा वेगळ्या टँकमध्ये काढून उपचार. वीज बराच वेळ गेली असेल तर बंद डब्यातला फिल्टर लगेच सुरू करू नका. आत जिवाणू गुदमरून सडलेले असू शकतात आणि ते पाणी टँकमध्ये येतं. आधी डब्यातलं पाणी ओतून टाका. आणि हातात काहीच साधन नसेल, तर मग घ्या आणि पाणी वरून ओतत राहा.

मुंबईत चर्नी रोडला समुद्रासमोर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उभं राहिलं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते उद्घाटन, खर्च सुमारे ८ लाख, त्यात २ लाख तारापोरवाला यांची देणगी. आपल्यातल्या कित्येकांच्या आई-बाबांनी समुद्राचा मासा पहिल्यांदा शाळेच्या सहलीत तिथेच बघितला. काचेपलीकडचा मासा सगळ्यांना आठवतो. त्याच्याभोवतीचं पाणी जिवंत ठेवणारी माणसं कुणाला दिसत नाहीत, लंडनच्या त्या मोलकरणीसारखी. टँक घेणार असाल तर ते काम आता तुमचं. सहा आठवडे नुसतं पाणी सांभाळा, मासा त्यानंतर आणा.

तुमच्या गावात वीज गेल्यावर टँक कसा सांभाळता, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, राम राम!