शनिवारी न येणारे काका

बँकेच्या काउंटरमागे वीस-बावीस वर्षं काढली की माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, सह्या राहतात. ठाण्याच्या आमच्या शाखेत पेन्शन घ्यायला येणाऱ्या एका काकांची सही मला पहिल्यापासून आवडे. ठसठशीत देवनागरी, शेवटी ‘कर’, आणि त्या ‘र’ची शेपटी अशी लांब की पासबुकाची कड संपली म्हणूनच थांबायची. नाव सांगत नाही. गिऱ्हाइकाचं नाव बाहेर फोडायचं नाही हा आमचा धर्म. आडनाव कोकणातल्या गावाचं आणि पहिलं नाव बायबलातलं, एवढं सांगितलं तर वरचे साहेब रागावणार नाहीत.

यावरून मी मनाशी ठरवून टाकलं, काका ख्रिश्चन. सलग सात वर्षं २४ डिसेंबरला मी त्यांना ‘मेरी ख्रिसमस’ म्हणत आलो आणि सलग सात वर्षं ते शांतपणे ‘थँक्यू, तुम्हालाही’ म्हणत आले. आठव्या वर्षी गर्दीला कंटाळून मी म्हटलं,

“काका, तुम्ही पहिल्या नाहीतर तिसऱ्या शनिवारी येत जा हो. रांग नसते.”

“शनिवारी नको.”

“का? साडेसाती आहे की काय?”

“आहे ना,” काका चष्मा पुसत म्हणाले, “दोन हजार वर्षांची. आता सवय झाली. अहो, आम्ही शनवार तेली!”

वाणिज्य शाखेच्या पदवीधराला तेल म्हटलं की डब्याचा भाव आठवतो. काकांनीच मग खुलासा केला. त्यांचे पूर्वज म्हणे अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी परंपरेने चालत आलेली कथा. नंतर कुलाबा जिल्ह्यात गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे टाकले, मराठी बोलू लागले, गावांची नावं लावून पेणकर, चेऊलकर, दिवेकर, अष्टमकर झाले. फक्त शनिवारी घाणा बंद. म्हणून शनवार तेली. म्हणजे बेने इस्रायल. म्हणजे ज्यू.

आणि मी या गृहस्थांना सात नाताळ साजरे करायला लावले होते!

खजील होऊन मी हिशेब मांडला. ठाण्यात टेंभी नाक्याच्या बाजूला त्यांचं प्रार्थनामंदिर आहे, ‘शाआर हाशामाईम’, म्हणजे स्वर्गाचं दार. ते १८७९ सालचं. त्या दारावरून मी हजारदा गेलो असेन. नजर मात्र कायम पलीकडच्या वडापावकडे. रोज डोंबिवलीहून लोकल पकडणारा माणूस मी. नोकरीच्या सुरुवातीला मुंबईत होतो तेव्हा मशीद बंदर रोज लागायचं. तिथली १७९६ सालची ‘शाआर हाराहमीम’ मुंबईतली त्यांची सर्वांत जुनी. स्टेशनचं ‘मशीद’ हे नाव तिच्यावरूनच पडलं असं सांगतात. आता बोला! पास काढून रोज ज्यांच्या नावाखालून जायचं, त्यांची आपल्याला ओळख नाही.

याच सुमारास आमच्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. सांस्कृतिक समितीची बैठक होती. सांस्कृतिक समिती म्हणजे ज्यांना पाण्याच्या समितीत कोणी घेत नाही असे लोक. अर्थात मीही होतो. ऑर्केस्ट्रा महाग, लावणीला वहिनींचा विरोध, हास्यकवी गेल्या वेळचेच. मी भीत भीत म्हटलं, “ज्यू संगीत, जाझ आणि विनोद असा कार्यक्रम करू या.”

चेअरमन म्हणाले, “ज्यू? ते जर्मनीतले? एवढं विमानभाडं कोण देणार?”

“ठाण्यातले आहेत,” मी म्हटलं, “स्लो लोकलने येतील.”

खर्च लोकलच्या तिकिटाचा, हे कळताच ठराव एकमताने मंजूर झाला. वार अर्थात रविवार. निवेदन माझ्याकडे. मग मी वाचायला बसलो आणि हळूहळू ध्यानात आलं, की या मंडळींचं आपल्याकडे खातं नाही. आपलंच त्यांच्याकडे आहे आणि ते सबंध ‘नावे’च्या बाजूला आहे.

पहिलीच नोंद पाहा. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मी काही न बोलता मोबाइलवर आकाशवाणीची सकाळची धून लावली. तीच, तानपुऱ्यावर व्हायोलिन वाजणारी. हॉलमधल्या पन्नाशीपुढच्या तमाम बायकांना एकदम दूध तापवायची आठवण झाली. एक आजोबा सवयीने चष्मा आणि पेपर शोधू लागले. मग मी सांगितलं, ही धून बांधली ती वॉल्टर काउफमान यांनी, असं मानलं जातं. जन्म १९०७, कार्ल्सबाडचा. आताच्या चेक देशातलं गाव. युरोपातलं वारं ज्यूंवर फिरलेलं पाहून हा माणूस १९३४ साली मुंबईला आला. आला तो आपलं संगीत शिकायला. त्याने प्रथम आपल्या गाण्याची रेकॉर्ड ऐकली तेव्हा त्याला ओ की ठो कळलं नव्हतं. पण कोट्यवधी लोकांना जे आवडतं ते वाईट कसं असेल, तेव्हा दोष गाण्याचा नसून आपल्या कानाचा आहे, असं ठरवून तो इथे आला. पुढे मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला. धुनेतलं व्हायोलिन मेहली मेहतांचं, झुबिन मेहतांच्या वडिलांचं, असं सांगतात. १९४६ साली तो इथून गेला, अमेरिकेत प्राध्यापक झाला आणि उत्तर हिंदुस्थानी रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. ज्याला हिटलरने घर सोडायला लावलं, त्याच्या सुरांनी आपलं घर जागं होतं.

शेजारच्या विंगचे जाझ न आवडणारे जोशी म्हणाले, “दोष आपल्या कानाचा, असं म्हणणारा मनुष्य मी प्रथमच ऐकला.”

दुसरी नोंद जाझची. ज्यूंच्या लग्नांत क्लॅरिनेट पूर्वीपासूनचं. एकाच फुंकरीत हसणारं आणि रडणारं. रशियातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू आईबापांचा मुलगा जॉर्ज गर्श्विन. त्याच्या १९२४ सालच्या ‘ऱ्हॅपसडी इन ब्लू’ची सुरुवात क्लॅरिनेटच्या लांबलचक मींडेनेच होते. तशाच घरातला बेनी गुडमन १९३८ साली कार्नेगी हॉलमध्ये क्लॅरिनेट घेऊन उभा राहिला आणि जाझ थोरामोठ्यांच्या सभागृहात शिरलं. जाझचे मूळ मालक अमेरिकेतले कृष्णवर्णी वादक, हे विसरून चालणार नाही. त्यांच्यातलाच लिऑन अ‍ॅबी १९३५ साली आपला बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. गोव्याच्या पोरांनी ते कानात भरून घेतलं. हळदोण्याचा अँटोनियो वाझ ‘चिक चॉकलेट’ झाला आणि त्याचं ट्रम्पेट आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात आलं. १९५१ चा ‘अलबेला’ पाहा. चिक चॉकलेट बँडसकट पडद्यावर आहे.

कार्यक्रमाला जाझवाले परवडणारे नव्हते. आम्ही कल्याणच्या लग्नाच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला आणला आणि त्याला म्हटलं, जाझ वाजव. त्याने मान डोलावली आणि ‘अलबेला’तलं गाणं सुरू केलं. लोक हसले. मी हसलो नाही. मला वाटतं, त्या दिवशी हॉलमध्ये इतिहास खरा त्यालाच माहीत होता.

तिसरी नोंद विनोदाची. डेव्हिड म्हणून जो टकलू, बुटका, हसतमुख नट आपण ‘काका’ म्हणून घरात घेतला, तो डेव्हिड अब्राहम चेऊलकर. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा, ‘गोलमाल’मधले डॉक्टर केदार. पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. तो ज्यांच्या नाटकावरून निघाला ते जोसेफ डेव्हिड पेणकर. पेण म्हणजे आपल्याला गणपती आणि पापड. बोलपटही तिथल्याच आडनावाचा निघाला!

इथपर्यंत टाळ्या मिळाल्या. मग मी काकांना पुढे बोलावलं.

बेने इस्रायलांनी १८८० च्या सुमारास मराठीत कीर्तनं रचायला घेतली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर त्यातले अग्रणी. साकी, दिंडी, ओव्या सगळं आपलं. आख्यान मात्र अब्राहमाचं, मोशेचं. त्याआधी १८७४ साली पुण्यात त्यांची वल्हांडणाची पोथी मराठी अर्थासकट छापली गेली, तिच्या चित्रांत बायका लुगडं नेसून सणाच्या भाकऱ्या करताना दिसतात. काकांची आत्या असल्या कीर्तनांत गायची. “मला थोडंसं येतं,” असं काका म्हणाले होते.

त्यांनी योसेफाचं आख्यान घेतलं. भावांनी भावाला विकलं आणि रक्ताने माखलेला अंगरखा म्हाताऱ्या बापापुढे ठेवला, ती जागा. आवाज थरथरत होता, पण सूर पक्का. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिसऱ्याला काका थांबले. डोळे मिटले. पुन्हा पहिल्यापासून आले, पुन्हा तिथेच थांबले. हॉलमध्ये खोकले सुरू झाले. चेअरमनांनी मला समोशांची खूण केली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आमच्या भजनी मंडळाच्या आजींनी पर्समधून टाळ काढले. (त्यांच्या पर्समध्ये टाळ कायम असतात, पैसे नसतात.) “साकीच आहे हो ही,” असं म्हणून त्यांनी शब्दांवाचून चाल धरली आणि काकांकडे बघत गुणगुणत राहिल्या. काकांना दोन ओळी आठवल्या. पुढच्या नाहीत. पण आजींनी चाल सोडली नाही. शेवटपर्यंत नेऊन समेवर टाळ वाजवला, मगच थांबल्या. समोसे गार झाले, त्याची तक्रार जोश्यांनीसुद्धा केली नाही.

नोव्हेंबरात काका हयातीचा दाखला द्यायला आले. दर वर्षी मी विचारायचं, “काका, हयात ना?” आणि त्यांनी म्हणायचं, “तुमच्या रांगेतून सुटलो तर.” या वेळी दाखल्याबरोबर दुसरा अर्ज होता. मुलगा अश्दोदला असतो. आता एकट्याने इथे राहणं जमत नव्हतं. त्यांच्यातले बहुतेक १९४८ नंतर गेलेच. भारतात आता चार-पाच हजार उरले असतील, त्यातले बरेचसे मुंबई-ठाण्यात. तिकडे १९८५ पासून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघत आलं आहे, म्हणजे बोलायला माणसं आहेत, असं काका मलाच धीर देत म्हणाले.

परदेशी जाणाऱ्याचं खातं आम्हाला अनिवासी करावं लागतं. एक फॉर्म, दोन फोटो, तीन सह्या. दोन हजार वर्षांच्या रहिवाशाला मी तेरा मिनिटांत अनिवासी केलं. त्यातली सहा मिनिटं सर्व्हर डाऊन होता, म्हणून त्याबद्दल मी पहिल्यांदाच सर्व्हरचे आभार मानले.

“बंद मात्र करू नका हां,” काका म्हणाले, “थोडे पैसे ठेवतो. चालू राहू दे.”

जाताना त्यांनी वहीचा एक कागद काउंटरवरून सरकवला. अश्दोदच्या चुलतबहिणीला फोन करून तिसरं कडवं उतरवून घेतलं होतं. तेच ठसठशीत अक्षर. खाली सही, ‘र’ची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत.

“आजींना द्या. चाल त्यांच्याकडे आहेच.”

कागद मी संध्याकाळीच आजींना नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला, टाळांबरोबर पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, “छान आहे. शनिवारी आमचं भजन असतं, तेव्हाच म्हणू.”

“आजी,” मी म्हटलं, “शनिवारी नको.”