लाल टोपीचे शतक

इस्लामी धर्मशास्त्रात मनुष्याच्या प्रत्येक कृतीची प्रतवारी ठरलेली आहे. एका टोकास न टळणारे फर्ज, दुसऱ्या टोकास हराम, आणि मध्ये इष्ट, अनिष्ट व निव्वळ मुभा अशा पायऱ्या. पैगंबर पागोटे बांधीत म्हणून पागोटे पुण्यप्रद खरे, पण त्यावाचून नमाज फोल ठरते असे कोणत्याही मजहबाने, म्हणजे धर्मशास्त्राच्या शाखेने, सांगितलेले नाही. तरीही उस्मानी तुर्कांच्या मुलखात शिरोवेष्टनावरून शंभर वर्षांच्या आत दोनदा वादळ उठले, आणि दुसऱ्या खेपेस लोक ज्या टोपीसाठी प्राणावर उदार झाले, ती त्यांच्या आज्या-पणज्यांच्या डोक्यावर सरकारी हुकुमानेच चढलेली होती.

1826 साली सुलतान दुसरा महमूद याने जानिसारी ही जुनी फौज तोफा डागून निकालात काढली. नव्या कवायती पलटणींसाठी टोपी शोधताना, आरमारप्रमुख खुस्रव पाशाने आपल्या खलाशांना घातलेली ट्युनिसची लाल गोंडेदार टोपी, म्हणजे फेझ, सुलतानाच्या मनास आली, आणि 1829 च्या फर्मानाने मुलकी अंमलदारांनाही तीच लागू होऊन पागोटे व पायघोळ झगा उलेमांपुरते उरले. पूर्वी पागोट्याच्या घेरावरून आणि बांधणीवरून माणसाचा धर्म व हुद्दा दुरून कळे. आता मुसलमान, ग्रीक व आर्मेनियन कारकून एकाच गोंड्याखाली आले, आणि पुष्कळांना खुपले ते हेच. टोपीस कड नसल्यामुळे सिजद्यात कपाळ जमिनीस टेकत असे, ही मात्र तिची मोठी सोय होती. इस्तंबूलच्या कबरस्तानांतून हिंडताना हा पालट डोळ्यांनी वाचता येतो: जुन्या शिळांच्या माथ्यावर दगडी पागोटी कोरलेली, तर नंतरच्या शिळांवर फेझ, क्वचित कोरीव गोंड्यासकट.

दोन पिढ्यांत ही परकी टोपी मुसलमानपणाची खूण होऊन बसली. सर सय्यद अहमदांनी ती अलीगढला आणली, निजामाच्या हैदराबादेत ती ‘रूमी टोपी’ म्हणून मिरवली. गंमत अशी की, तिचा मोठा पुरवठा ऑस्ट्रियातील कारखान्यांतून होई. 1908 साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळंकृत केला, तेव्हा ऑस्ट्रियन मालावरच्या तुर्की बहिष्कारवाल्यांनी या धर्मचिन्हावरच राग काढला.

1903 साली इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या मुसलमानांस सांगितले होते की, धर्मत्यागाचा हेतू नसेल तर साहेबी टोपी घातल्याने कोणी काफिर होत नाही. शास्त्राची ही वाट मोकळी असता तुर्की प्रजासत्ताकाचा अध्यक्ष मुस्तफा कमाल याने बळजबरीची वाट धरली, हे माझ्या मते त्याच्या सुधारणेचे वैगुण्य होय. ऑगस्ट 1925 मध्ये तो कास्तामोनूस पनामा हॅट घेऊन गेला. 25 नोव्हेंबरला फेझ मोडीत काढून हॅट सक्तीची करणारा कायदा झाला. एर्झुरूम, रिझे येथे दंगे उसळले आणि फाशीचे खांब उभे राहिले. आतिफ होजा या इस्किलिपच्या विद्वानाने फिरंग्यांच्या अनुकरणाविरुद्ध पुस्तिका लिहिली होती ती 1924 साली, म्हणजे कायद्याच्या आधी. पण 4 फेब्रुवारी 1926 रोजी अंकारात त्यास फासावर चढविले. सामान्य रयतेने मात्र आपला तोडगा काढला: पुढे झापड असलेली टोपी घालावयाची आणि नमाजाच्या वेळी ती उलटी फिरवावयाची.

जे धर्माने कधी फर्ज केले नव्हते, ते दोन्ही खेपेस सरकारने फर्ज केले. 1925 चा तो कायदा तुर्कस्तानात अद्याप रद्द झालेला नाही. 1982 च्या राज्यघटनेच्या 174 व्या कलमाने त्यास संरक्षण दिलेले आहे.