वेल्सचे दूरदर्शन आणि खान्देशची अहिराणी



आखाजी आली की आपल्या खान्देशात दोन गोष्टी घडतात. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि निंबाच्या फांदीला झोके चढतात. आणि त्याच सुमारास सालदाराचे जुने साल संपून नवे साल ठरते. झोक्यावरची लेक ज्या बोलीत गौराईचे गाणे म्हणते, त्याच बोलीत ओट्यावर बसलेले शेतकरी आणि सालदार वर्षाच्या मजुरीची घासाघीस करतात. गाणे आणि व्यवहार दोन्ही एकाच भाषेत चालतात, तोवर त्या भाषेची चिंता करण्याचे कारण नसते. चिंता सुरू होते ती गाणे घरच्या बोलीत आणि हिशेब परक्या बोलीत होऊ लागला म्हणजे.

आजचा माझा विषय या रोजच्या व्यवहाराच्या भाषेचा आहे. तिला पडद्यावर जागा कशी मिळते, आणि मिळाली नाही तर काय होते, हे मला सांगावयाचे आहे. त्यासाठी प्रथम आपणांस वेल्स नावाच्या एका लहानशा देशात घेऊन जातो. तेथून परत तापीच्या खोऱ्यात यावयाचे आहेच.

वेल्स हा ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. मेंढ्यांचे कळप आणि कोळशाच्या खाणी यांवर त्याने दिवस काढले. तेथील वेल्श भाषा इंग्रजीहून अगदी निराळी. १९ व्या शतकात तेथल्या अनेक शाळांत एक चाल होती. जे मूल वेल्श बोलताना सापडे, त्याच्या गळ्यात एक लाकडी तुकडा अडकवीत. पुढे दुसरे कोणी वेल्श बोलले की तो तुकडा त्याच्या गळ्यात जाई. आणि शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात तो असेल, त्याला शिक्षा होई. घरची भाषा म्हणजे गळ्यातले लोढणे, हा धडा मुलांनी असा गिरविला. पुढे ती चाल गेली, पण धडा राहिला. १९६१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे सुमारे २६ टक्के उरले होते.

१९६२ च्या फेब्रुवारीत साँडर्स लुईस या साहित्यिकाने रेडिओवर एक व्याख्यान दिले. आपल्या भाषेचे भवितव्य काय, हा त्याचा विषय. त्याच वर्षी तरुणांनी भाषेसाठी संघटना उभारली. त्यांच्या मागण्या रस्त्यावरच्या पाट्यांपासून न्यायालयापर्यंतच्या होत्या. आणि त्यांतच दूरदर्शनचीही मागणी पुढे आली. त्या वेळी वेल्श कार्यक्रम इंग्रजी वाहिन्यांवर अधूनमधून, आडवेळी दाखवीत. वेल्श जाणणारा म्हणे, आम्हांला उरलेसुरले मिळते; न जाणणारा म्हणे, या कार्यक्रमांमुळे आमचे इंग्रजी कार्यक्रम बुडतात. तेव्हा वेगळी वाहिनी द्यावी, यावर दोघांचेही एकमत होऊ लागले.

१९७९ च्या निवडणुकीत वेगळ्या वाहिनीचे आश्वासन मिळाले. निवडणूक होताच सरकारने ते मागे घेतले. हा अनुभव आपल्याला नवा नाही! तेव्हा ग्विन्फोर इव्हान्स हा वेल्श पुढारी उभा राहिला. गांधीजींचा अभ्यासक आणि युद्धाचा कट्टर विरोधक असा हा मनुष्य. ६ ऑक्टोबर १९८० पासून आमरण उपोषण करीन, असे त्याने जाहीर केले. सुमारे दोन हजार लोकांनी दूरदर्शनचा परवाना-कर भरणार नाही, अशी प्रतिज्ञा केली. भाषेसाठी प्राण वेचणारे पोट्टी श्रीरामुलु आपण १९५२ साली पाहिले आहेत. ब्रिटनच्या सरकारने तशी वेळ येऊ दिली नाही. सप्टेंबरमध्येच ते नमले, आणि १ नोव्हेंबर १९८२ रोजी 'एस फोर सी' ही वेल्श वाहिनी सुरू झाली.

आता खरा मुद्दा. उपोषणाच्या तोलावर मिळविलेल्या या वाहिनीवर त्या लोकांनी काय दाखविले? राजांच्या लढाया आणि भाषेची स्तोत्रे यांवर त्यांनी भर दिला नाही. त्यांचा सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम 'पोबोल अ कुम', म्हणजे 'खोऱ्यातली माणसे'. तो १९७४ मध्ये बी.बी.सी.ने सुरू केला होता, तो १९८२ मध्ये नव्या वाहिनीवर आला आणि अजून चालू आहे. कुम्देरी नावाचे एक कल्पित खेडे. तेथे दुकान आहे, गुत्ता आहे, शेती आहे. आरंभी तर कथेचे केंद्र वृद्धाश्रम होते. कोणाचे लग्न मोडते, कोणाचे दुकान बुडते, कोणी शेजाऱ्याशी अबोला धरतो. गोष्टी साध्याच, पण भांडण वेल्शमध्ये, उधारी वेल्शमध्ये, डॉक्टरची चिठ्ठी समजावून घेणे वेल्शमध्ये! दुसरा कार्यक्रम 'केव्हन ग्लाद', म्हणजे ग्रामीण मुलूख. दाई जोन्स हा स्वतः शेतकरी आणि गायक. तो शेतावर शेतावर जाऊन मेंढपाळांशी, गवळ्यांशी गप्पा मारी, आणि त्या गप्पाच कार्यक्रम होत.

याचा परिणाम काय झाला? येथे अतिशयोक्ती करता कामा नये. वाहिनीने भाषा तारली, असे म्हणता येत नाही. २०२१ च्या शिरगणतीत वेल्श बोलणारे ५ लाख ३८ हजार, म्हणजे १७.८ टक्के भरले. परंतु घरच्या भाषेत लेखक, नट, छायाचित्रकार म्हणून पोट भरता येते, ही गोष्ट एका पिढीने डोळ्यांनी पाहिली. आणि ज्या भाषेसाठी गळ्यात लाकूड अडकवीत, ती भाषा संध्याकाळी दिवाणखान्यात मानाने बोलू लागली. एवढे वाहिनीने केले.

आता घरी येऊ. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या नावाखाली, अहिराणीसह, सुमारे १८ लाख ६० हजार लोकांनी आपली मातृभाषा नोंदविली. वेल्शच्या तिपटीहून अधिक! आणि मातृभाषा 'मराठी' असे सांगून घरात अहिराणी बोलणारे कितीतरी निराळेच. पण एक आकडा मनाला लागतो. २००१ मध्ये ही नोंद सुमारे २० लाख ७५ हजार होती. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि नोंद घटली. लोक कोठे गेले नाहीत; सांगावयाचे थांबले.

ग्रिअर्सनने १९०७ च्या खंडात खान्देशीची नोंद भिल्ली भाषांबरोबर केली, आपले शिक्षक तिला अशुद्ध मराठी समजत आले, आणि 'मना', 'तुना' ऐकून पाहुण्याला ती गुजरातीची बहीण वाटते. आंडोर, आंडेर हे शब्द ज्या घरात माया करतात, त्याच घरातले मूल वर्गात ते उच्चारताना दचकते. आपल्याकडे लाकडी तुकडा कोणी गळ्यात अडकविला नाही. वर्गातले हसणे तेवढे पुरले.

पडद्यावर काय झाले ते पाहा. प्रभात कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास गेली. कोल्हापूरचे चित्रपटगृहनिर्माते, दक्षिण महाराष्ट्रातले कथालेखक, तिकडचाच तमाशा. त्यामुळे मराठी पडद्यावरचा खेडूत जन्मला तोच मुळी कोल्हापूर-सातारकडचे बोलत. पारोळ्याच्या किंवा साक्रीच्या प्रेक्षकाने त्यालाच 'गावाकडची भाषा' म्हणून मान्य केले. आपल्या गावाची ती नव्हे, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात गायिली गेली. ती लेवा गणबोली, अहिराणीची शेजारीण. पण पुन्हा पाहा, पडद्याने घेतले ते गाणे घेतले. संभाषण घेतले नाही.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. जळगावला १९७६ मध्ये आकाशवाणी केंद्र आले; पण चित्र आपल्या गावांत पोहोचले ते १९८४ च्या आसपास, देशभर लहान प्रक्षेपक उभे राहिले तेव्हा, आणि तेही मुख्यतः दिल्लीचे. म्हणजे खान्देशच्या घराने दूरदर्शनवर पहिले घर पाहिले ते हिंदी बोलणारे. शेजारच्या गुजरातेत मात्र १९७५ पासून खेडा जिल्ह्यातील पीज येथून एक लहान केंद्र खेड्यांतल्या माणसांचे जीवन त्यांच्याच बोलीत दाखवीत होते, आणि १९८४ मध्ये त्या प्रयोगाला युनेस्कोचे पारितोषिकही मिळाले. तेव्हा हे आपल्या देशात होत नाही, असे म्हणण्याची सोय नाही.

पुढे खाजगी वाहिन्या आल्या. २०१६-१७ च्या सुमारास मालिकांतून मालवणी, कोल्हापुरी, सातारी, नागपुरी बोलणारी कुटुंबे घरोघर आली. अहिराणीला तशी जागा मिळाली नाही. पण खान्देशचा माणूस वाट पाहत बसणारा नव्हे. मालेगावात शेख नासिर यांनी यंत्रमागावरचे कामगार जमवून २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. सायकलवर कॅमेरा ठेवून त्यांनी चित्रण केले! त्यांची भाषा अहिराणी नव्हे, मालेगावी हिंदी-उर्दू. परंतु त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली, की मुंबईची परवानगी न घेता पडदा उभारता येतो. मोबाइल आल्यावर अहिराणीने तीच वाट धरली. आज अहिराणी गाणी लग्नाच्या मांडवातून निघून कोट्यवधी कानांपर्यंत गेली आहेत, आणि धुळे-जळगावकडच्या विनोदी चित्रफिती सुरतेच्या आणि पुण्याच्या चाळींतही पाहतात.

या यशाचा मला आनंद आहे. वर्गात हसू झालेल्या बोलीवर नाचणारी पोरे पाहून कोणाला आनंद होणार नाही? तरीही इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक शंका मांडतो. या चित्रफितींत बहुतेक वेळा अहिराणी बोलणारा मनुष्य एक तर नाचतो, नाही तर फजीत होतो. तो कर्जाचा हप्ता चुकल्यावर बँकेत काय बोलतो? सावद्याला केळीचा भाव पडल्यावर बाप घरी येऊन जेवताना काय बोलतो? कळण्याची भाकरी थापताना सासू सुनेला काय सांगते, आणि सून काय सांगत नाही? कानबाईच्या रोटाला शहरातून आलेला भाऊ घरच्या वाटणीचा विषय कसा काढतो? खोऱ्यातली माणसे ही आहेत. वेल्शांनी झगडून पडदा मिळविला आणि त्यावर रोजचा दिवस मांडला. आपल्याला पडदा जवळजवळ फुकट मिळाला, आणि रोजचा दिवस मांडावयाचा राहिला.

हे काम कोणी करावे? धुळ्याच्या श्रोत्यांना त्याचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाडे याच शहरात १९२६ मध्ये वारले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. राजवाड्यांनी जन्मभर काय केले? गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यांवरची, बोळकांडीतली दप्तरे गोळा केली. ज्या कागदांना घरचे लोक रद्दी समजत होते, त्यांत त्यांना महाराष्ट्राचा इतिहास दिसला. आज आपल्या घरांत तशीच दप्तरे आहेत. फक्त ती कागदाची नाहीत. ऐंशी वर्षांच्या आजीचे बोलणे, म्हाताऱ्या सालदाराच्या आठवणी, बाजारातली घासाघीस ही ती दप्तरे. त्यांना कसर लागत नाही. ती माणसाबरोबर एका रात्रीत जातात.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. येथून घरी गेल्यावर घरातल्या वडील माणसासमोर मुलाने आपला मोबाइल ठेवावा. गाणे म्हण, असे सांगू नये. विनोद कर, असेही सांगू नये. आजचा दिवस कसा गेला, एवढेच विचारावे. आणि विचारावे अहिराणीत.